सहाशे तासांचं सत्र: शाळा, घर आणि एमसीए

इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एमसीए, म्हणजे कॉम्प्युटरमधली पदव्युत्तर पदवी, ८० क्रेडिटचं, चार सत्रांचं. म्हणजे सत्राला २० क्रेडिट, ६०० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला २३ तास. शाळेत सहा तास उभं राहून शिकवणाऱ्या, घरी दोन पिढ्यांचं बघणाऱ्या माणसाने हा आकडा प्रवेश अर्ज भरण्याआधी कागदावर मांडावा. नंतर मांडला तर नुसती धडकी भरते.

माझा, शाळेत गणित शिकवणाऱ्याचा, हिशेब असा. सोमवार ते शुक्रवार रोज दोन तास, शनिवारी दोन, रविवारी चार: आठवड्याचे १६, सत्राचे ४१६. तूट १८४ तासांची. पहिल्या सत्रात डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तासांचं आहे. गणित शिकवणाऱ्याला ते ५० तासांत होतं, ७० वाचले. दिवाळीच्या सुट्टीतले दहा दिवस रोज पाच तास धरले तर आणखी ५० मिळाले. तरीही ६४ तास कमी पडतात. हे ६४ तास झोपेतून काढायचे नाहीत. दोन क्रेडिटचा एक विषय, उदाहरणार्थ प्रोफेशनल स्किल्स किंवा सायबर सिक्युरिटीचा, डिसेंबरच्या परीक्षेला न बसता जूनवर ढकलायचा. त्याचे ६० तास मोकळे होतात आणि जूनच्या परीक्षेआधी मे महिना हातात असतो. अभ्यासक्रम पूर्ण करायला कमाल चार वर्षं मिळतात. ती मुदत नापासांसाठी आहे असं समजून लोक उगाच दोन वर्षांचा हट्ट धरतात. नोकरी करणाऱ्याने तीन वर्षांचा बेत आखला तर घर आणि शाळा दोन्ही जागेवर राहतात.

एक गोष्ट मात्र ढकलता येत नाही: पुढच्या सत्राची पुनर्नोंदणी. मागच्या सत्राचे पेपर राहिले असले, निकाल लागला नसला, तरी पुढचं सत्र ओळीने घ्यायचं असेल तर त्याची नोंदणी त्या-त्या मुदतीत ऑनलाइन करावीच लागते. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याचं शुल्क विषयागणिक वेगळं. नोंदणी सगळ्या विषयांची आणि परीक्षा निवडक विषयांची, हे दोन निर्णय निरनिराळे आहेत आणि दोन्हींच्या तारखा कालनिर्णयवर वेगळ्या रंगाने लिहून ठेवाव्यात. शाळेत याच सुमारास परीक्षा किंवा बोर्डाची कामं चालू असतात, त्यामुळे तारीख चुकण्याची भीती खरी आहे.

नियमित एमसीए नोकरी सोडल्याशिवाय होत नाही. त्यासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि रोज कॉलेजात हजर राहावं लागतं. म्हणून दूरशिक्षण. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच, अमरावती रोडवर आहे, त्यामुळे कागदपत्रांची अडचण आली तर समोर जाऊन बोलता येतं. बारावीला किंवा पदवीला गणित असलेल्या कुठल्याही पदवीधराला प्रवेश मिळतो. पण बीएस्सी गणितवाल्याला, म्हणजे कॉम्प्युटरची पार्श्वभूमी नसलेल्याला, ब्रिज कोर्स करावे लागतात: सी आणि पायथॉन प्रोग्रामिंग, आणि डेटा स्ट्रक्चर्स. ते तास वरच्या ६०० मध्ये धरलेले नाहीत.

प्रवेश जानेवारीतही मिळतो, जुलैतही. जुलै घ्यावा. कारण शेवटच्या सत्रात १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट आहे, ३६० तासांचा. जुलैत सुरुवात केली आणि सत्रं ओळीने घेतली तर ते सत्र जानेवारी ते जूनमध्ये येतं आणि प्रोजेक्टच्या लिखाणाला अख्खी उन्हाळी सुट्टी मिळते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाकडे उघडतात. हा आठवडा-पंधरवडा आपल्या वाट्याचा जास्तीचा. जानेवारीत सुरुवात केली तर तोच प्रोजेक्ट जुलै ते डिसेंबरमध्ये, गणपती, महालक्ष्म्या, सहामाही आणि दिवाळीच्या मध्ये सापडतो. तीन वर्षांचा बेत असेल तर प्रोजेक्टचं काम कुठल्या मे महिन्यात करायचं हे पहिल्याच वर्षी ठरवून टाकावं.

घाई करण्याआधी एनपीटेलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसच्या उपक्रमातला, एखादा पायथॉनचा कोर्स पूर्ण करून बघावा. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क १,००० रुपये. गृहपाठाला २५ टक्के आणि प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये १२ पैकी उत्तम ८ गृहपाठ धरतात. प्रमाणपत्रासाठी गृहपाठात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. आठ आठवडे ओळीने गृहपाठ वेळेत देणं जमलं नाही, तर एमसीएचं सत्रही जमणार नाही. ही चाचणी स्वस्त पडते.

अनुदानित शाळेत असाल तर प्रवेशाआधी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तिकेत नोंद करायची वेळ येते तेव्हा सगळ्यात आधी तोच कागद मागतात. आणि पगारवाढीची आशा धरून यात उतरू नये. कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचं तर गणितातलीच पदव्युत्तर पदवी लागते, एमसीए तिथे चालत नाही.

आता गणिताच्या शिक्षकाचा खरा प्रश्न. आपल्याला गणित येतं म्हणून हे सोपं जाईल असं घरचे म्हणतात, सहकारी म्हणतात, आपणही म्हणतो. अर्धं खरं आहे. संच, संबंध, विगमन, क्रमचय-संचय, आलेख सिद्धांत यांत अडत नाही. विगमनाने सिद्धता लिहिता येणाऱ्याला रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, दुसऱ्या दिवशी कळतं. नेटवर्कमधलं सबनेटिंग, यंत्रांच्या पत्त्यांचे गट पाडणं, म्हणजे नुसते २ चे घात: ३२ पैकी २६ बिट्स नेटवर्कला गेले, ६ उरले, ६४ पत्ते, त्यातले दोन राखीव, ६२ यंत्रं. पण यामुळेच माणूस रोजचे दोन तास जे येतं त्यावर घालवतो. डिस्क्रीटची उदाहरणं सोडवत बसायला बरं वाटतं, उत्तर लगेच जुळतं. लॅबचं काम मात्र पुढे-पुढे सरकतं आणि लॅबमध्येच माणूस लटकतो. म्हणून माझा नियम उलटा: आठवड्याचे पहिले तास लॅबला, गणित शेवटी.

शिवाय जिथे गणित येतं तिथेच कॉम्प्युटर पायात पाय घालतो. क्ष² − ०.२क्ष + ०.०१ = ० हे समीकरण घ्या. दहावीचा पोट्टाही सांगेल, हा (क्ष − ०.१) चा वर्ग आहे, विवेचक शून्य, मुळे समान. आता पायथॉनमध्ये विवेचक काढा आणि तो शून्य आहे का हे विचारा. उत्तर येतं, नाही. ०.२ गुणिले ०.२ केल्यावर त्याच्याकडे ०.०४ च्या पुढे सतराव्या दशांश स्थानावर एक १ चिकटलेला असतो. विवेचक शून्यापेक्षा किंचित मोठा निघतो आणि प्रोग्राम ‘मुळे वास्तव व भिन्न’ असं छापतो. कारण नववीच्या वास्तव संख्यांच्या प्रकरणातलंच आहे. दशमान पद्धतीत छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर अपूर्णांक खंडित होतो. यंत्राची पद्धत द्विमान, तिथे फक्त २ चालतो. १/५ च्या छेदात ५ आहे, म्हणून ०.२ यंत्राच्या आत अखंड आवर्ती होऊन बसतो आणि ५३ बिट्सवर कापला जातो. उपाय दोन. विवेचक शून्याबरोबर थेट न ताडता त्याचं केवल मूल्य एखाद्या अगदी लहान संख्येपेक्षा कमी आहे का ते बघायचं. किंवा समीकरणाला आधी १०० ने गुणून सहगुणक पूर्णांक करायचे: १००क्ष² − २०क्ष + १, विवेचक ४०० − ४०० म्हणजे नेमका शून्य. दुसरा उपाय गणितवाल्याला जास्त आवडतो, पण प्रत्यक्ष मोजमापांच्या आकडेवारीत तो नेहमी जमत नाही, म्हणून पहिला हाताला लावून घ्यावा.

पूर्णांकन हा दुसरा खड्डा. शाळेत आपण शिकवतो, अर्धा किंवा जास्त असेल तर वर न्या. ३४.५ चे ३५. एक्सेलसारख्या शीटमधलं राउंडचं सूत्र हेच करतं. पायथॉनचं राउंड मात्र नेमका अर्धा आला की जवळच्या सम पूर्णांकाकडे जातं: ३४.५ चे ३४ आणि ३५.५ चे ३६. हे चुकून झालेलं नाही. मोठ्या आकडेवारीत सगळे अर्धे एकाच दिशेला ढकलले जाऊ नयेत म्हणून तसं ठेवलेलं आहे. पण गुणपत्रकाचा प्रोग्राम लिहिताना हे ठाऊक नसेल तर उत्तीर्णाच्या रेषेवरचं पोरगं एका ओळीने नापास होतं, आणि शीटमध्ये तपासलं तर पास दिसतं. दोन्हीकडे वेगळी उत्तरं का येतात हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

तिसरं, गैरहजर. डेटाबेसमध्ये गैरहजर मुलाच्या गुणांच्या जागी शून्य लिहिलं तर वर्गाची सरासरी खाली येते. नल ठेवलं, म्हणजे काहीच नाही असं, तर सरासरीचं सूत्र त्या मुलाला छेदातही मोजत नाही. ४० पैकी ४ गैरहजर असतील तर एका पद्धतीत ४० ने भागतो, दुसरीत ३६ ने. शीटमध्येही ‘गै.ह.’ असा मजकूर लिहिलेला रकाना सरासरीतून आपोआप वगळला जातो. दोन्हींपैकी काहीही बरोबर असू शकतं, पण कोणतं धरलं ते अहवालात लिहावं लागतं. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, कारण परीक्षकाला समोरचा शिक्षक आहे हे कळतं आणि तो गुणपत्रकावरूनच सुरू करतो.

बाकी किरकोळ सवयी लवकर मोडतात. आपली बेरीज १ पासून ‘न’ पर्यंत असते, पायथॉनमधल्या यादीचा क्रमांक ० पासून सुरू होतो आणि शेवटची संख्या मोजली जात नाही. १ ते १० हवे असतील तर ११ लिहावे लागतात. ‘क्ष = क्ष + १’ बघून फळ्यावर लाल रेघ ओढावीशी वाटते. पंधरा दिवसांत वाटेनासं होतं.

वेळ जुळवण्याबद्दल पुष्कळ सल्ले मिळतात. मला एकच फरक कामाचा वाटला. काही अभ्यास तुकड्यांत होतो, काही होत नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, सायबर कायदे, क्लाउड यांचं वाचन वीस-वीस मिनिटांत होतं: ऑफ तासाला, मेट्रोत, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. प्रोग्रामिंगला सलग दीड तास नसेल तर बसूच नये. पहिली वीस मिनिटं काल कुठे होतो हे आठवण्यात जातात आणि नेमका धागा सापडतो तेव्हा दूधवाला येतो. उठताना फाइलच्या शेवटी मराठीत दोन ओळी लिहून ठेवायच्या: काय चालतंय, काय अडलंय, उद्या पहिलं काय करायचं. यामुळे ती वीस मिनिटं पाचावर येतात. ऑफ तासावर तर कधीच प्रोग्रामिंगची भिस्त ठेवू नये. बदली तास कधी अंगावर येईल सांगता येत नाही.

सलग दीड तास कुठून आणायचा? नागपूरच्या उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात. दुपारी पारा ४५ ला टेकलेला असताना घरात लॅपटॉपचा पंखाच इतका ओरडतो की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि मशिन लर्निंगचा जो प्रोग्राम सकाळी झटपट पळतो तो दुपारी रांगतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, दोन पुस्तकांवर असा उचलून ठेवावा की खालून हवा खेळेल. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नये. ओली हवा आणि बोअरच्या पाण्यातले क्षार दोन्ही आत जातात. ऑनलाइन मार्गदर्शनाच्या वेळी कूलरचा आवाज माइकमध्ये घुसतो, तेव्हा पंखा कमीवर आणि वायरचा इअरफोन. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण राउटर त्या लाइनवर आहे का हे आधीच बघून ठेवावं. नसेल तर १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्यावा. ८ जीबी रॅमवर पहिली दोन सत्रं निघतात. मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर १६ जीबी असलेली बरी. मशिन लर्निंगसाठी गूगलचं ऑनलाइन कोलॅब वापरलं तर आपल्या यंत्रावर ताण पडत नाही, पण काही वेळ हात न लावता सोडलं की जोडणी तुटते आणि तिथे तात्पुरत्या ठेवलेल्या फाइली पुसल्या जातात. स्वयंपाकाला उठण्याआधी फाइल ड्राइव्हवर.

घरच्यांना ‘अभ्यास आहे’ एवढं सांगून भागत नाही. अभ्यास तर बारमाही आहे. त्यांना तारखा द्याव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, शेवया-पापड-कुरड्यांचं वाळवण आणि जूनची परीक्षा एकत्र येतात. भाद्रपदात महालक्ष्म्या आणि गृहपाठाचं लिखाण एकत्र येतं. कोणत्या लग्नाला सगळ्यांनी जायचं, कुठे सासूबाई आणि एकच जण गेलं तरी चालेल, हे मार्चमध्ये पत्रिका यायला लागल्या की ठरवून टाकावं. ऐनवेळी नाही म्हटलं की राग येतो, आधी सांगितलं की येत नाही, आलाच तर कमी येतो. मुलांच्या अभ्यासाची वेळ आणि आपल्या वाचनाची वेळ एकच ठेवावी, टेबलही एकच. प्रोग्रामिंगची वेळ मात्र वेगळी. ‘आई, हे गणित’ या हाकेला नाही म्हणणं गणिताच्या शिक्षकाला जमत नाही.

गृहपाठ हाताने लिहायचे असतात. प्रश्न विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येतात, पुस्तकं पोस्टाने येईपर्यंत इग्नूच्या ईज्ञानकोश संकेतस्थळावरच्या पीडीएफमधून सुरुवात करता येते. ए४ कागद, पानाची एकच बाजू, डावीकडे समास, प्रत्येक पानावर नोंदणी क्रमांक आणि विषयाचा सांकेतांक. जमा करण्याची पद्धत त्या सत्राच्या सूचनेत बघायची. स्कॅन करून पाठवायचं असेल तर ट्यूबलाइटखाली फोटो काढू नये, हाताची सावली पडते. सकाळी खिडकीशी काढावा. कागदावर दिलं तर पोच घ्यावी, आणि देण्याआधी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. गुण चढायला वेळ लागला तर हीच पोच आणि हेच फोटो उपयोगी पडतात. एआयकडून उत्तरं लिहून घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. त्याचा हिशेब प्रॅक्टिकलला चुकता होतो: परीक्षक एकच ओळ बदलायला सांगतो, आणि ती कुठली हे ज्याने लिहिलंय त्यालाच कळतं.

लॅबची हजेरी सक्तीची आहे, ७० टक्के. लॅबचे तास बहुधा सुट्टीच्या दिवशी असतात, पण शाळेचं स्नेहसंमेलन, सहल, डिसेंबरमधली एनएमएमएस ही आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा हेही रविवार खातात. पहिल्या चार लॅबला काही झालं तरी जायचं. शिलकीत हजेरी असली की नंतर एखादी गेली तरी चालते.

शाळेत एक गोष्ट सांभाळावी. कॉम्प्युटर शिकतोय हे कळलं की यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज, निकालाची शीट, प्रोजेक्टरची वायर, सगळं आपल्याकडे चालत येतं. नाही म्हणता येत नाही, आणि पूर्ण नाही म्हणूही नये. पण पहिल्याच वेळी शेजारी एका सहकाऱ्याला बसवून त्याच्या हाताने भरून घ्यावं. असे दोन जण तयार झाले की आठवड्याचे तीन-चार तास परत मिळतात.

उलट दिशेचा फायदाही असतो, तो घ्यावा. बायनरी सर्च, म्हणजे दर प्रश्नाला अर्ध्या शक्यता गाळत शोधणं, नववीच्या वर्गात खेळून दाखवता येतो: १ ते १०० मधली संख्या मनात धरा, सात प्रश्नांत सांगतो, कारण २ चा सातवा घात १२८. पोरं दुसऱ्या दिवशी १००० साठी किती लागतील हे आपणहून काढतात आणि आपल्याला लॉगचा अर्थ फळ्यावर सापडतो. आलेख सिद्धांतासाठी नागपूर मेट्रोचा नकाशा पुरतो: ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका, सीताबर्डीला छेद, म्हणून त्या शिरोबिंदूची कोटी, म्हणजे त्याला जोडलेल्या कडा, चार. खापरीहून लोकमान्यनगरला जायचं तर तिथे बदलावंच लागतं. ते स्टेशन काढून टाकलं तर आलेख तुटतो. दहावीच्या सांख्यिकीत गृहीतमध्य पद्धत शिकवताना तीच आकडेवारी शीटमध्ये टाकून सरळ पद्धतीच्या उत्तराशी ताडता येते. वर्गाची तयारी आणि आपला अभ्यास एकाच तासात होतो. मात्र दर धड्याला हा मेळ घालायला जाऊ नये. भूमितीच्या रचना कंपासनेच शिकवायच्या असतात.

डिसेंबरच्या परीक्षेचं नागपुरात वेगळंच दुखणं आहे: त्याच सुमारास हिवाळी अधिवेशन. विधानभवन आणि सिव्हिल लाइन्सच्या आसपासचे रस्ते वळवतात, मोर्चांमुळे सीताबर्डी अडते. सकाळचा पेपर दहाला, दुपारचा दोनला, आणि कधी-कधी एकाच दिवशी दोन्ही असतात. केंद्र त्या बाजूला आलं तर गाडी घरीच ठेवून मेट्रोने झिरो माइलपर्यंत जाऊन पुढे पायी. परीक्षा कागदावर, चार क्रेडिटच्या विषयाची तीन तासांची. फळ्यावर रोज लिहिणाऱ्याचाही पेनाचा वेग गेलेला असतो. आदल्या महिन्यात दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून लिहावी. प्रोग्रामसुद्धा हाताने लिहावे लागतात, तिथे लाल रेघ दाखवायला संगणक नसतो.

प्रोजेक्टसाठी बहुतेक शिक्षकांना वेळापत्रकच सुचतं. विषय सुंदर आहे: प्रत्येक तासिका हा शिरोबिंदू, शिक्षक किंवा वर्ग सामाईक असेल तर दोघींमध्ये कडा, आणि तासाचा क्रमांक म्हणजे रंग, कडेने जोडलेल्यांचा रंग वेगळा हवा. पण एकच विज्ञान लॅब, शनिवारी अर्धी शाळा, दोन शाळांत विभागलेला चित्रकलेचा शिक्षक अशा अटी वाढत गेल्या की प्रश्न हाताबाहेर जातो. सर्वसाधारण रूपात तो एनपी-पूर्ण आहे, म्हणजे तो झटपट सोडवायची हमखास पद्धत कोणाला सापडलेली नाही. पाच-सहा वर्गांपुरता ठेवला तर निभतो. त्यापेक्षा चाचणीच्या गुणांचं प्रश्ननिहाय विश्लेषण आटोपशीर पडतं: कोणत्या प्रकरणात, कोणत्या पायरीवर गुण जातात.

आकडेवारी शाळेची घ्यायची तर नावं, आधार, जात, पत्ता यांतलं काहीही फाइलमध्ये येऊ देऊ नये. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्यावी, हजेरी क्रमांकांऐवजी स्वैर क्रमांक द्यावेत आणि दोन्हींची जोडयादी शाळेच्या कपाटातच राहू द्यावी. जुन्या गुणपत्रकांचा आणखी एक त्रास म्हणजे फॉन्ट. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो, डेटाबेसमध्ये तो इंग्रजी अक्षरांचा चोथा दिसतो. आधी रूपांतर करून घ्यावं लागतं, आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी नजरेखालून घालावी लागते. मराठी मजकुराची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली) एक्सेलमध्ये थेट उघडली की बहुधा भलतीच चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. डेटा मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ ही युनिकोडची संकेतपद्धत निवडली की अक्षरं येतात. तशीच सेव्ह केली तर मात्र मूळ मजकूर जातो, म्हणून आधी प्रत.

प्रोजेक्टचा आराखडा मंजूर होण्याआधी काम पूर्ण करत सुटू नये. विषयात बदल सुचवला तर आकडेवारी पुन्हा गोळा करावी लागते आणि तोवर शाळेत दुसरी घटक चाचणी सुरू झालेली असते. मार्गदर्शकाची पात्रता मार्गदर्शिकेत दिलेल्या अटींशी ताडून मगच नाव टाकावं, सही कोणत्या पानांवर, कुठे हवी ते बघावं. अहवालाच्या दोन प्रती बांधून घ्याव्यात, एक जमा करायला, एक तोंडी परीक्षेला सोबत न्यायला. मार्चनंतर बाइंडिंगवाल्यांकडे कॉलेजच्या मुलांची रांग लागते, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नये.